सर्व्हर नवा केला की जुने स्विच एसएसएचने आत घेत नाहीत: पुन्हा पुन्हा येणारी अडचण आणि तिचा उलगडा

लक्षण असं. सर्व्हरवरचं लिनक्स नवं केलं, सगळ्या सेवा चालू झाल्या, डेटाबेस चालतोय, पानं उघडतायत. पण त्याच सर्व्हरवरून जुन्या स्विचवर (नेटवर्कमधली यंत्रं एकमेकांना जोडणारं उपकरण) एसएसएच करायला, म्हणजे दुरून सुरक्षितपणे आत शिरून आज्ञा द्यायला गेलं की पासवर्ड विचारण्याआधीच जोडणी तुटते. पिंग व्यवस्थित आहे, पोर्ट २२ (एसएसएचचं ठरलेलं दार) उघडं आहे, स्विच स्वतः मजेत चालतोय. कालपर्यंत जुन्या सर्व्हरवरून हाच स्विच विनातक्रार आत घेत होता.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्यात नेटवर्क सांभाळतो. ही अडचण मला आठ वर्षांत तीनदा आली. पहिल्यांदा २०१६ मध्ये, लॅपटॉपवर उबुंटू १६.०४ टाकल्यावर. दुसऱ्यांदा २०२२ मध्ये, त्याच लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ आल्यावर. तिसऱ्यांदा २०२४ च्या उन्हाळ्यात, सेंटओएस ७ वरचा सर्व्हर अल्मालिनक्स ९ वर नेल्यावर. (उबुंटू, सेंटओएस, अल्मा ही सगळी लिनक्सचीच रूपं.) प्रत्येक वेळी मला वाटलं की ही मागचीच अडचण आहे, आणि प्रत्येक वेळी मागचा उपाय लागू पडला नाही. दुखणं एकच असलं तरी दर वेळी ते वेगळ्या दारावर येऊन थांबतं, हे मला तिसऱ्या खेपेला नीट कळलं. ते कळायला जी किंमत मोजावी लागली ती दुसऱ्या कुणाला मोजावी लागू नये, म्हणून सविस्तर लिहितोय.

तिसऱ्या खेपेला काय झालं

सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ ला संपणार होता. कारखान्यात असली कामं गळीत हंगाम बंद असतानाच करता येतात. एकदा गव्हाणीत मोळी पडली की वजनकाटा, केनयार्ड (उसाच्या गाड्या थांबण्याचं आवार), शेती खातं, टाइम ऑफिस यांपैकी कशालाही हात लावता येत नाही. म्हणून जूनमध्येच सर्व्हर बदलला. त्याच सर्व्हरवर रोज रात्री एक स्क्रिप्ट चालायची. ती चाळीसेक स्विचमध्ये एकेक करून शिरायची आणि प्रत्येकाचं कॉन्फिगरेशन फाइलमध्ये उतरवून ठेवायची. नव्या सर्व्हरवर स्क्रिप्ट हलवली, प्रशासकीय इमारतीतल्या दोन नव्या स्विचवर चालवून पाहिली, चालली. मी समाधानाने पुढच्या कामाला लागलो.

ऑक्टोबरच्या शेवटी परतीच्या पावसात वीज कडाडली आणि वजनकाट्याच्या खोलीतला स्विच जळाला. काट्यावरच्या अण्णांचा फोन आला, "सायेब, काट्यावरनं चिठ्ठी निघंना झालीया." कपाटात जोडीचा स्विच तयार होता. फक्त जुनं कॉन्फिगरेशन त्यात भरायचं होतं. फाइल उघडली तर आकार शून्य बाइट. आदल्या दिवशीची शून्य. त्याआधीची शून्य. तीस दिवसांच्या सगळ्या प्रती शून्य.

कारण दोन होते आणि दोन्ही माझ्या स्क्रिप्टमध्ये होते. एसएसएचचं उत्तर थेट फाइलकडे वळवलं की शेल आधी फाइल तयार करतं आणि मग आज्ञा चालवतं. आज्ञा फसली तरी रिकामी फाइल उरतेच. शिवाय तीस दिवसांहून जुन्या प्रती स्क्रिप्ट पुसून टाकायची. त्यामुळे जुलै संपेपर्यंत शेवटची चांगली प्रतसुद्धा पुसली गेली होती, आणि स्क्रिप्ट बाहेर पडताना काय कोड देते हे कुणी विचारतच नव्हतं. एकूण अकरा स्विचची हीच अवस्था होती. वहीत लिहून ठेवलेल्या व्हीलॅनच्या (एकाच नेटवर्कच्या वेगळ्या केलेल्या भागांच्या) याद्या आणि केबलांवरच्या चिठ्ठ्या जुळवत काट्याचा स्विच उभा करायला साडेचार तास लागले. हंगाम सुरू व्हायला अजून अवकाश होता, म्हणून निभावलं. पंधरा दिवसांनी हे झालं असतं तर काट्यापुढे उसाच्या ट्रॅक्टरांची रांग रस्त्यापर्यंत गेली असती आणि फडातून तुटून आलेला ऊस वाळत पडला असता.

म्हणून एसएसएचच्या आधी हेच सांगतो: तुमची बॅकअप स्क्रिप्ट आधी तात्पुरत्या फाइलमध्ये लिहू द्या. तिचा आकार आणि शेवटची ओळ तपासा, ठीक असेल तरच तिला खरं नाव द्या. प्रत्येक उपकरणाची शेवटची चांगली प्रत कितीही जुनी झाली तरी पुसू नका. आणि सलग तीन रात्री एखाद्या उपकरणाची चांगली प्रत आली नाही तर मेल येऊ द्या. माझ्याकडे आता हे आहे.

जोडणी नेमकी कुठे तुटते

एसएसएचची जोडणी एका दमात होत नाही. आधी टीसीपी जुळतं, मग दोन्ही बाजू आपापली आवृत्ती सांगतात, मग गुप्त किल्ली ठरवण्याची पद्धत ठरते, मग समोरचा स्विच आपली होस्ट की (ओळखीची किल्ली) दाखवून सही करतो, मग सायफर (मजकूर गुप्त करण्याची रीत) आणि मॅक (मजकूर वाटेत बदलला नाही याची पडताळणी) लागू होतात, आणि या सगळ्यानंतर वापरकर्त्याचं नाव आणि पासवर्ड. प्रत्येक पायरीवर दोन्ही बाजूंना मान्य असलेली निदान एक तरी पद्धत लागते. नवं सॉफ्टवेअर दर काही वर्षांनी आपल्या यादीतून जुन्या पद्धती काढून टाकतं. स्विचची यादी मात्र दहा वर्षांपूर्वी फर्मवेअरमध्ये (उपकरणाच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) गोठलेली असते. दोन याद्यांत एकही समान नाव उरलं नाही की जोडणी तिथेच संपते.

त्यामुळे पहिलं काम एकच: एसएसएचला तीन वेळा व्ही हा पर्याय देऊन चालवा आणि शेवटच्या दहा ओळी शांतपणे वाचा. त्यात कोणतं वाक्य आहे त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. मी पाहिलेली वाक्यं आणि त्यांचे अर्थ सांगतो.

'नो मॅचिंग की एक्स्चेंज मेथड फाउंड' आणि पुढे 'देअर ऑफर: डिफी-हेलमन-ग्रुप१-शा१'. हे २०१६ चं दुखणं. ग्रुप१ हा गुप्त किल्ली ठरवायला वापरायचा एक ठरलेला गट. त्यातली संख्या फक्त १०२४ बिटांची आहे. २०१५ मध्ये लॉगजॅम या नावाने प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवलं की एवढा लहान आणि सर्वांनी सामायिक वापरलेला गट मोठ्या सरकारी यंत्रणेच्या आवाक्यात येतो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या ओपनएसएसएच (लिनक्सवर सहसा वापरला जाणारा एसएसएच प्रोग्राम) ७.० ने तो मूळ सेटिंगमधून बंद केला. अल्मालिनक्स ९ वर यादी आणखी आखडलेली आहे, तिथे ग्रुप१४ चं शा-१ (मजकुराचा छोटा ठसा काढण्याची जुनी रीत) वालं रूपसुद्धा मूळ धोरणात बसत नाही.

'नो मॅचिंग होस्ट की टाइप फाउंड. देअर ऑफर: एसएसएच-आरएसए'. हे २०२२ चं. ओपनएसएसएच ८.८ मध्ये, म्हणजे सप्टेंबर २०२१ मध्ये, आरएसए या प्रकारच्या कीने शा-१ वापरून केलेली सही मूळ सेटिंगमधून बंद झाली. उबुंटू २२.०४ मध्ये ८.९ आलं, म्हणून तिथे हे भेटलं.

'एरर इन लिबक्रिप्टो'. हे मला २०२४ मध्ये अल्मालिनक्स ९ वर भेटलं आणि सगळ्यात जास्त वेळ यानेच खाल्ला, म्हणून यावर खाली स्वतंत्र लिहितोय.

'बॅड सर्व्हर होस्ट की: इनव्हॅलिड की लेंग्थ'. स्विचची आरएसए की २०४८ बिटांपेक्षा लहान आहे. आणि 'नो मॅचिंग सायफर फाउंड' म्हटलं तर स्विचकडे फक्त सीबीसी पद्धतीचे जुने सायफर आहेत.

यांपैकी एक वाक्य दुरुस्त केलं की पुढचं वाक्य दिसतं. काट्याच्या स्विचसारखाच एक जुना स्विच केनयार्डात आहे. त्याने मला ओळीने तीन वेगवेगळी वाक्यं दाखवली. पहिला उपाय केल्यावर वेगळी चूक आली तर उपाय फसला असं समजून तो मागे घेऊ नका. तुम्ही एक पायरी पुढे गेला आहात.

तीन साधनं हाताशी ठेवा. एसएसएचला मोठा जी हा पर्याय आणि स्विचचं नाव दिलं की त्या स्विचसाठी प्रत्यक्षात कोणत्या सेटिंग लागू होतायत त्याची पूर्ण यादी जोडणी न करताच मिळते. मोठा क्यू हा पर्याय मात्र जपून वाचा: तो प्रोग्राममध्ये काय काय बांधलेलं आहे ते सांगतो, चालू काय आहे ते नाही. यादीत नाव दिसतंय आणि तरी जोडणी होत नाही, या गोंधळात मी एक दुपार घालवली आहे. तिसरं साधन एनमॅप, म्हणजे नेटवर्क तपासणारा प्रोग्राम. त्याची एसएसएच-टू-एनम-अल्गोज ही स्क्रिप्ट स्विच काय काय देऊ करतो ते एका फटक्यात दाखवते. अपग्रेडच्या आधीच सगळ्या स्विचवर ती चालवून निकाल जपून ठेवला असता तर मला जूनमध्येच अकराच्या अकरा नावं मिळाली असती.

एसएसएच-आरएसए या नावाचा घोळ

इथे थोडं थांबतो, कारण या एका नावामुळे खूप लोक चुकीच्या दिशेला जातात. एसएसएच-आरएसए हे नाव दोन गोष्टींचं आहे. एक, कीचा प्रकार. दोन, त्या कीने शा-१ वापरून केलेली सही. बंद झाली आहे ती दुसरी गोष्ट. आरएसए की स्वतः बाद झालेली नाही. तीच की शा-२ वापरून सही करू शकते, आणि त्या सहीची नावं वेगळी आहेत: आरएसए-शा२-२५६ आणि आरएसए-शा२-५१२. ही २०१८ मध्ये आरएफसी ८३३२ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजाने ठरवली.

याचे दोन परिणाम. पहिला: तुमच्या सर्व्हरांवरच्या चांगल्या आरएसए की घाबरून फेकून देऊ नका. दोन्ही बाजूंचं सॉफ्टवेअर नवं असेल तर त्या आपोआप शा-२ ने सही करतात. दुसरा, आणि हा स्विचवाल्यांसाठी महत्त्वाचा: जुन्या फर्मवेअरच्या स्विचवर १०२४ बिटांची की काढून २०४८ बिटांची तयार केली तर लांबीची तक्रार मिटते, सहीची मिटत नाही. फर्मवेअरलाच शा-२ ने सही करता येत नसेल तर की कितीही लांब करा, सही शा-१ चीच निघणार. मी तीन स्विचवर रात्री बसून नव्या की बनवल्या आणि सकाळी तीच तक्रार पाहिली.

शा-१ वर एवढा राग का, असं आमच्या कार्यालयात एकाने विचारलं. २०१७ मध्ये ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेने आणि गूगलने मिळून एकच शा-१ ठसा देणाऱ्या दोन वेगळ्या पीडीएफ तयार करून दाखवल्या. २०२० मध्ये त्याहून घातक प्रकार जमला, ज्यात दोन्ही मजकुरांची सुरुवात हल्लेखोराला हवी ती ठेवता येते. ओपनएसएसएचच्या निवेदनात त्याचा खर्च ५० हजार डॉलरच्या आत असल्याचं म्हटलं होतं. ही रक्कम एखाद्या टोळीलाही परवडेल. म्हणून मूळ सेटिंग बदलणाऱ्यांवर माझी तक्रार नाही. त्यांनी फेब्रुवारी २०२० मध्ये ८.२ सोबत हे होणार असल्याची सूचना दिली आणि १९ महिन्यांनी ते केलं. सूचना वाचायचं काम माझं होतं. ओपनएसएसएचच्या प्रत्येक आवृत्तीच्या टिपणात जुन्याशी न जुळणाऱ्या बदलांचा वेगळा भाग असतो, आणि पुढे काय काढणार याची सूचनाही तिथेच मिळते. वाचायला दहा मिनिटं लागतात.

लिबक्रिप्टोची भिंत

उबुंटूवर २०२२ मध्ये जे चाललं होतं तेच मी अल्मालिनक्सवर केलं: एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये त्या स्विचच्या नावाने होस्टकीअल्गोरिदम्सच्या सेटिंगला अधिक चिन्ह लावून एसएसएच-आरएसए जोडलं. जोडणी पुढे गेली आणि 'एरर इन लिबक्रिप्टो' म्हणून मेली.

कारण असं की रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ आणि त्याच्या वंशातल्या अल्मा, रॉकी यांच्यामध्ये बंदी दोन मजल्यांवर आहे. वरच्या मजल्यावर एसएसएच, खालच्या मजल्यावर ओपनएसएसएल, म्हणजे गुप्तलेखनाचं गणित करणारं सॉफ्टवेअर. लिबक्रिप्टो हा त्याचाच भाग. संपूर्ण यंत्रणेचं एक क्रिप्टो-धोरण असतं, आणि त्याच्या मूळ रूपात ओपनएसएसएल शा-१ ची सही तपासायलाच नकार देतं. एसएसएचने परवानगी दिली तरी खालचा मजला ऐकत नाही. एसएसएचच्या फाइलमध्ये कितीही फेरफार केले तरी ही चूक जाणार नाही.

शोधलं की पहिला उपाय मिळतो तो म्हणजे अपडेट-क्रिप्टो-पॉलिसीज या आज्ञेने डिफॉल्टला शा-१ हे उपधोरण जोडणे, नाहीतर सरळ लेगसी धोरण लावणे. हे चालतं. पण करू नका, किंवा केलं तर त्याच दिवशी काढायची तारीख लिहून ठेवा. त्याने फक्त स्विचची जोडणी सैल होत नाही. त्या सर्व्हरवरची प्रत्येक गोष्ट, म्हणजे वेब, मेल, पॅकेजची सही, सगळीकडे शा-१ पुन्हा मान्य होतं. मूठभर जुन्या स्विचसाठी शेतकऱ्यांच्या बिलांचा डेटा असलेल्या सर्व्हरची कडी काढून ठेवणं मला पटत नाही. आणि लेगसी लावूनही लहान कीची अडचण सुटत नाही, कारण ९ च्या लेगसीतही आरएसएची किमान लांबी २०४८ च आहे. ८ मध्ये ती कमी होती, म्हणून जुने सल्ले वाचून लोक फसतात.

मी जे केलं आणि जे गेले काही महिने नीट चाललंय ते असं. ओपनएसएसएल सुरू होताना ओपनएसएसएल-कॉन्फ या नावाचा एन्व्हायरनमेंट व्हेरिएबल (प्रोग्रामला बाहेरून दिलेली सेटिंग) पाहतं. बॅकअप चालवणाऱ्या वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये एक छोटी कॉन्फिग फाइल ठेवली. तिच्यात आधी यंत्रणेची मूळ ओपनएसएसएल फाइल समाविष्ट केली आणि खाली ईव्हीपी-प्रॉपर्टीजच्या विभागात आरएच-अलाउ-शा१-सिग्नेचर्स ही सेटिंग चालू केली. स्क्रिप्ट जुन्या स्विचकडे वळते तेव्हा फक्त त्या एका एसएसएच आज्ञेपुरता हा व्हेरिएबल लावते. बाकी सर्व्हरला याचा पत्ताही नाही. स्विच शा-२ वाला झाला की त्याचं नाव जुन्यांच्या यादीतून काढलं, एवढंच काम.

ज्यांच्याकडे जुनी उपकरणं वीस-तीस असतील त्यांनी वेगळा मार्ग घ्यावा: व्यवस्थापनाच्या व्हीलॅनमध्ये एक लहान आभासी यंत्र उभारून त्यावर अल्मालिनक्स ८ टाका, जुन्या उपकरणांकडे फक्त तिथूनच जा, आणि त्या यंत्रावर दुसरं काहीही चालवू नका. ८ ला सुरक्षेचे सुधार २०२९ पर्यंत मिळणार आहेत, म्हणजे उपकरणं बदलायला पुरेसा अवधी आहे.

अपवाद लिहायची जागा

२०२२ मध्ये मी एक चूक केली होती. लॅपटॉपच्या एसएसएच कॉन्फिगमध्ये सगळ्या होस्टसाठी, म्हणजे तारांकन लावलेल्या विभागात, जुन्या पद्धती जोडल्या. काम झालं. पण त्यामुळे कोणते स्विच जुने आहेत हे कळायचा मार्गच मी बंद केला. सगळे चालतात म्हटल्यावर कुणाची यादी करायची गरज वाटली नाही, आणि २०२४ ला मी कोरी पाटी घेऊन उभा होतो.

आता प्रत्येक जुन्या स्विचचा स्वतंत्र होस्ट विभाग आहे. त्यात त्याला जेवढं लागतं तेवढंच: कुणाला फक्त केईएक्सअल्गोरिदम्समध्ये (किल्ली ठरवण्याच्या पद्धतींच्या यादीत) भर, कुणाला सायफर्समध्येही, आणि दोघांना रिक्वायर्डआरएसएसाइज (कीची किमान लांबी) १०२४. अधिक चिन्ह विसरू नका. ते नसेल तर तुम्ही यादीत भर घालत नाही, पूर्ण यादीच बदलता, आणि नव्या पद्धती बाद होतात. दुसरं, एसएसएच कॉन्फिग वाचताना ज्या सेटिंगला पहिल्यांदा किंमत मिळते तीच धरते. म्हणून नावानिशी विभाग वर आणि तारांकनाचा विभाग सगळ्यात खाली. उलटं केलं तर अपवाद लागूच होत नाहीत, आणि चूक कुठे आहे ते मोठ्या जी पर्यायाशिवाय दिसत नाही.

१०२४ पेक्षाही लहान की, म्हणजे ५१२ किंवा ७६८ बिटांची, असेल तर कोणताही अपवाद चालणार नाही. २०१७ मधल्या ७.६ पासून ओपनएसएसएच ती स्वीकारतच नाही. स्विचवर कन्सोल केबल लावून नवी की बनवणं हाच मार्ग. नवी की बनवली की तुमच्या बाजूला होस्ट ओळख बदलल्याचा मोठा इशारा येईल. तो इशारा स्क्रिप्टमधून बंद करून टाकायचा मोह होतो. त्याऐवजी कन्सोलवर दिसणारा नव्या कीचा ठसा जुळवून नोन-होस्ट्समधली (ओळखीच्या होस्ट कींच्या फाइलमधली) फक्त ती एक ओळ बदला.

आणि टेलनेट, म्हणजे एसएसएचआधीची जुनी पद्धत, पुन्हा चालू करू नका. एका ठेकेदाराच्या माणसाने मला हाच सोपा उपाय सुचवला होता. टेलनेटवर पासवर्ड उघड्या अक्षरांत जातो. कारखान्यात हंगामात किती बाहेरची माणसं, किती लॅपटॉप जोडले जातात हे आपल्याला माहीत असतं.

एसएसएचची आज्ञा चालते पण स्क्रिप्ट चालत नाही

पायथनमधली पॅरामिको किंवा ऑक्सिडाइज्ड या स्विच-बॅकअपच्या प्रोग्रामच्या पोटातलं रुबीचं नेट-एसएसएच ही एसएसएचची स्वतंत्र अंमलबजावणी आहे. त्यांच्या पद्धतींच्या याद्या त्यांच्या त्यांच्या आहेत. ओपनएसएसएचच्या फाइलमध्ये केलेली पद्धतींची भर पॅरामिको मानत नाही. पॅरामिकोच्या डिसेंबर २०२१ मधल्या २.९ आवृत्तीत शा-२ सही आली आणि तिला अग्रक्रम मिळाला. त्यामुळे की वापरून लॉगिन करणाऱ्या स्क्रिप्टना काही जुन्या उपकरणांवर 'ऑथेंटिकेशन फेल्ड' दिसू लागलं. वाक्य फसवं आहे, की चुकीची नसते. पॅरामिकोमध्ये जोडणी करताना डिसेबल्ड-अल्गोरिदम्स देऊन त्या एका उपकरणापुरत्या शा-२ सह्या वगळता येतात.

फाइल स्विचवर पाठवताना 'सबसिस्टम रिक्वेस्ट फेल्ड' आलं तर तो वेगळाच विषय. नव्या एससीपीने (एसएसएचवरून फाइल पाठवणारी आज्ञा) आतून एसएफटीपी (फाइल पाठवण्याची वेगळी पद्धत) वापरायला सुरुवात केली आहे, मूळ ओपनएसएसएचमध्ये एप्रिल २०२२ च्या ९.० पासून, आणि रेड हॅट ९ च्या कुळात ८.७ वरच. ज्या स्विचला एसएफटीपी येत नाही त्याच्यासाठी एससीपीला मोठा ओ हा पर्याय द्या, जुनी पद्धत वापरली जाते.

उलट्या दिशेची तक्रार

वजनकाट्यावरच्या एका जुन्या विंडोज संगणकावरून दर तासाला वजनांची फाइल सर्व्हरवर चढायची. सर्व्हर बदलल्यावर तीही थांबली. ही बाजू तपासायची तर सर्व्हरवरच्या सिक्युअर नावाच्या लॉगमध्ये पाहा. तिथे कोणत्या पत्त्याने कोणती पद्धत मागितली आणि ती का नाकारली हे लिहिलेलं असतं. इथे सर्व्हर सैल करू नका, तिकडचा प्रोग्राम नवा करा. मी पुटीची (विंडोजवरचा एसएसएच प्रोग्राम) आणि त्यासोबतच्या, फाइल पाठवणाऱ्या पीएससीपीची ताजी आवृत्ती टाकली आणि पाच मिनिटांत काम सुरू झालं. रूट (सर्व्हरचा सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून पासवर्डने शिरणारं काही असेल तर तेही थांबेल, कारण ९ मध्ये ते मूळातच बंद आहे. त्यासाठी वेगळा वापरकर्ता बनवा आणि की वापरा.

सध्याची स्थिती

अकरापैकी एक जळून गेला, त्याच्या जागी नवा आहे. पाचांना फर्मवेअर चढवलं आणि ते अपवादाशिवाय बोलतात. उरलेल्या पाचांना नवं फर्मवेअर निघतच नाही. त्यांची एक वही केली आहे: स्विच कुठे आहे, कोणती पद्धत सैल केली आहे, का, आणि कोणत्या तारखेला काढायची. तारीख ठरवताना एकच धरलं, हंगाम कधी बंद होईल. केनयार्डातला आणि गव्हाणीजवळचा स्विच आधी बदलायचे आहेत, कारण बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) भुशाने त्यांचे पंखे असेही थकलेत. डिस्टिलरीतले दोन आणि टाइम ऑफिसमधला एक त्यानंतर. अंदाजपत्रकात मागणी टाकताना ही वहीच जोडली. 'स्विच जुने झालेत' असं पाच वर्षं सांगून जे झालं नव्हतं ते सैल केलेल्या कड्यांची यादी तारखांसह पाहिल्यावर एका बैठकीत मंजूर झालं.

पुढच्या खेपेची तयारी म्हणून दोन गोष्टी तपासून ठेवतोय. एप्रिल २०२५ मधल्या ओपनएसएसएच १०.० ने डीएसए (कीचा आणखी एक जुना प्रकार) की पूर्णपणे काढून टाकल्या, त्यामुळे कुठे डीएसए होस्ट की उरली आहे का ते एनमॅपच्या निकालात पाहिलं. दोन जागी सापडली. आणि ऑक्टोबर २०२५ मधलं १०.१ क्वांटम संगणकापुढे टिकू न शकणाऱ्या किल्ली-पद्धतीने जोडलं की इशारा छापतं. जोडणी तुटत नाही, पण तो इशारा चुकांच्या प्रवाहात येतो, आणि त्या प्रवाहात काहीही आलं तर फसलं असं मानणाऱ्या स्क्रिप्ट तेवढ्याने अडतील. माझी एक स्क्रिप्ट अशीच होती. ती आता बाहेर पडतानाचा कोड आणि फाइलची शेवटची ओळ पाहते.